अडीच ग्रॅम जादा

काटेरावांनी आयुष्यात दोनच गोष्टी जीव ओतून केल्या. छत्तीस वर्षं मालगाडीच्या वाघिणी तोलल्या, आणि त्यातली बावीस वर्षं पत्ताबाईंवर प्रेम केलं. पहिल्या गोष्टीचा पुरावा रेल्वेच्या दप्तरात ढिगानं सापडेल. दुसरीचा कुठेच नव्हता, कारण ती त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. पत्ताबाईंना तर मुळीच नाही.

वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. भरलेली वाघीण वजनकाट्यावर आली की तिच्यातल्या मालाचं वजन काढायचं, कागदावर लिहिलेल्या वजनाशी ताडून बघायचं, आणि जास्त भरलं तर खच्चून ओरडायचं, "जादाऽऽ!" एवढंच काटेरावांचं काम. म्हणूनच त्यांना सगळे काटेराव म्हणायचे; खरं नाव आठवायला आता त्यांना स्वतःलाही क्षणभर लागायचं. या काट्यापायी त्यांना एक खोड जडली होती. हातात आलेली वस्तू उचलली रे उचलली की तिचं वजन तोंडातून बाहेर पडायचं. भाचीच्या बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा बाकीचे सगळे नाक कोणावर गेलंय यावर हुज्जत घालत होते, आणि काटेराव म्हणाले, "तीन किलो शंभर." नर्सनं तक्ता उघडून पाहिलं तर बरोब्बर तीन किलो शंभर. भाचीनं मात्र पुढे सहा महिने त्यांच्या हातात बाळ म्हणून दिलं नाही.

पत्ताबाई रेल्वेच्याच मोठ्या कचेरीत होत्या, हरवलेल्या वाघिणींच्या टेबलावर. एवढ्या मोठ्या लोखंडी डब्याला हरवायला कसं जमतं, असं आपल्याला वाटतं. पण जमतं. एकदा आरशांनी भरलेली एक वाघीण चौदा महिने बेपत्ता होती, आणि बाईंनी टेलिफोनवर बसल्या बसल्या ती एका बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यामागून शोधून काढली. एकही आरसा फुटला नव्हता. तेव्हापासून त्या पत्ताबाई. खाडाखोडीचा त्यांना इतका तिटकारा की तीस वर्षांच्या नोंदवह्यांत एक अक्षर खोडलेलं दिसायचं नाही.

रोज सकाळी साडेदहाला काट्यावरचा फोन वाजायचा.

"काटा? एक्केचाळीस शून्य सात तुमच्याकडून गेली का?"

"गेली, बाई. परवाच. एकोणीस टन."

"मग पोचली कशी नाही?"

"चौकशी करतो, बाई."

बावीस वर्षं हे असं चाललं होतं. याला प्रेम म्हणावं की नाही, यावर शहाणी माणसं शंका काढतील. पण साडेदहाच्या फोनसाठी सव्वादहालाच केस विंचरून बसणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं, ते त्या शहाण्यांनीच सांगावं. बरं, लग्नाचं वय तर काट्यावरच निघून गेलेलं. बाईंचे यजमान वारले तेव्हा काटेरावांनी पत्र लिहायला घेतलं, आणि चार दिवस खर्ची घालून त्यात लिहिलं काय, तर "आपल्या दुःखात सहभागी आहे. तेवीस अठरा सापडली आहे."

दोघांनी एकमेकांना समोरासमोर पाहिलं ते निवृत्तीनंतर, मास्तरांच्या घरी.

हे मास्तर म्हणजे जुने यार्डमास्तर. हजारो वाघिणी इकडच्या तिकडे लावण्यात हयात गेलेली. निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांनी घरातल्या डाळीच्या डब्यांची जागा बदलायला घेतली, तेव्हा त्यांच्या बायकोनं, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींनी, त्यांना वरच्या मजल्यावरचा हॉल देऊन टाकला आणि बजावलं, "काय लावायचं ते वर लावा." मास्तरांनी वर अख्खी रेल्वे लावली. खऱ्याच्या सत्त्याऐंशी पटीनं लहान. भिंतीच्या कडेनं टेबलं, टेबलांवर रूळ, एका टोकाला खाण, दुसऱ्या टोकाला बंदर, मधे जंक्शन, आणि जंक्शनपासून पुलावरून जाणारा एक फाटा, त्याच्या शेवटी इवलंसं शेवटचं स्टेशन. खाण मास्तरांची. बंदर एका दंतवैद्याचं, त्याचा रेल्वेशी संबंध फक्त तिकिटापुरता, पण उत्साह इतका की रविवारी दाढदुखीचा फोन आला तर म्हणायचा, "लवंग धरा, माझी गाडी सुटतेय." जंक्शन काटेरावांचं. आणि शेवटचं स्टेशन बाईंचं.

"घरात एकशे चौदा वाघिणी आहेत," वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आणि एकशे पंधरावी मी. माझ्याकडेच तेवढं कोणी बघत नाही."

खेळ म्हणाल तर खेळ, पण नियम बेचाळीस. पहिला नियम, वाघिणीला हात लावायचा नाही. जिथे जायचं तिथे ती गाडीला जोडूनच जाणार, मग अर्धा तास लागो. दुसरा नियम, प्रत्येक वाघिणीचं एक पुठ्ठ्याचं कार्ड. पाठवणारा कोण, माल काय, वजन किती, जायचं कुठे, आणि रिकामी झाल्यावर परत कुठे. कार्डाशिवाय वाघीण जागची हलायची नाही. आणि बाईंच्या फाट्यावरचा पूल दंतवैद्यानं दात कोरायच्या काड्यांचा बांधलेला असल्यामुळे नियम सतरावा, फाट्यावर जाणारी प्रत्येक वाघीण आधी जंक्शनवर तोलायची. काटेरावांनी तिथे वाघीणभर रुळाच्या तुकड्याखाली सोनाराचा नाजूक काटा बसवला होता. ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत वजन दाखवायचा. दीड ग्रॅमपर्यंत जादा माफ. त्याच्यावर गेलं की वाघीण गाडीपासून तोडायची आणि बाजूच्या रुळावर उभी करायची, ती थेट पुढच्या रविवारी बघायची.

रविवारी दहा ते एक. नऊ वर्षं एकही रविवार चुकला नव्हता.

आणि मागच्या रविवारी चहाचा कप खाली ठेवत बाई म्हणाल्या, "माझा पुढचा रविवार शेवटचा. लेकीकडे जातेय राहायला, कायमची. ती म्हणते एकटी किती दिवस राहणार. गाडी घेऊन इथेच येईल एक वाजता, परस्पर निघू."

मास्तर हळहळले. दंतवैद्यानं नाक शिंकरलं. वहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या. काटेरावांच्या ओठांशी इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं आलं, आणि त्यांनी तोंड उघडून विचारलं, "सामान किती किलो होईल?"

"साठेक," बाई म्हणाल्या.

घरी जाताना काटेरावांनी स्वतःला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की सिग्नल हिरवा झालेला त्यांना दिसलाच नाही.

बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप, हे त्यांना एव्हाना पुरतं कळलं होतं. बोलणं जमलं ते फक्त वाघिणींचं. मग वाघीणच पाठवावी! ही कल्पना सुचली तेव्हा ते दाढी करत होते आणि अर्ध्या दाढीनिशीच त्यांनी घरभर दोन फेऱ्या मारल्या. बाईंच्या स्टेशनवर बाक नव्हता. "माझ्याकडे माल येतो, माणसं नाही, बसणार कोण?" असं त्या म्हणायच्या. तर एक बाक करायचा, वाघिणीत घालून बाईंच्या स्टेशनला पाठवायचा, आणि त्याच्यावर दोन माणसं बसलेली. बाई वाघीण उघडतील, बघतील, आणि कळायचं ते कळेल. एक शब्द बोलावा लागणार नाही!

चार दिवस काटेराव हवेत होते. गुरुवारी बाक तयार झाला, बोटाच्या पेराएवढा, चार पट्ट्यांचा. तो त्यांनी तोलला: तीन पूर्णांक चार ग्रॅम. लगेच कार्डावर सुबक अक्षरात लिहून टाकलं. माल, फर्निचर, एक नग. वजन, तीन पूर्णांक चार. शनिवारी दुपारी माणसं झाली. पांढऱ्या अंबाड्याची एक बाई, मांडीवर नोंदवही, डोळ्यांवर केसाएवढ्या तारेचा चष्मा. तिच्या शेजारी एक गृहस्थ, टोपी काढून हातात धरलेली, केस विंचरलेले. दोघांच्या मधे अंतर किती ठेवावं यातच पाऊण तास गेला. शेवटी एका पोस्टाच्या तिकिटाची कड जाईल एवढं ठेवून काटेरावांनी डिंक लावला आणि डिंक वाळेपर्यंत खोलीत शिट्टी वाजवत हिंडले. त्यांना शिट्टी येत नाही.

रविवारी ते पावणेदहालाच हजर. बंदराच्या वखारीजवळ एक तपकिरी बंद वाघीण रिकामी उभी होती. तिचं छप्पर उचलून त्यांनी बाक आत ठेवला, छप्पर बसवलं, कार्ड खाचेत खोचलं. इतक्यात वहिनी चहा घेऊन आल्या.

"काय हो, कान का लाल झालेत तुमचे?"

"उकडतंय, वहिनी."

"उकडतंय? खिडकी उघडी आहे, वारा येतोय चांगला." वहिनींनी कार्डाकडे पाहिलं, काटेरावांकडे पाहिलं, आणि गालातल्या गालात हसत ट्रे ठेवून गेल्या.

दहाला मास्तरांनी शिट्टी फुंकली आणि सगळी रेल्वे सुरू झाली. भिंतीवरचं खेळाचं घड्याळ दंतवैद्यानं सहापट पळेल असं करून दिलं होतं, त्यामुळे काटे गरागरा फिरत होते आणि त्यांच्याबरोबर काटेरावांचं डोकं. खाणीतून कोळसा निघाला. बंदरात पिठाची पोती आली. दंतवैद्यानं एक गाडी उलटीच लावली आणि "माफ करा, माफ करा!" म्हणत पुन्हा लावली. बाई आपल्या स्टेशनाशी उंच स्टुलावर बसून कार्डं लावत होत्या, नेहमीसारख्या, जणू आजचा रविवार इतर रविवारांसारखाच होता. फक्त मधेच एकदा त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि मग लगेच पुन्हा पुसला.

काटेरावांचं सगळं लक्ष एका तपकिरी वाघिणीवर. मनगटावरच्या घड्याळात साडेअकराला ती बंदरातून निघाली तेव्हा त्यांनी हातातलं कार्ड उलटं खोचलं. खाणीला वळसा घालून आली तेव्हा ते टाचा उंच करून बघत होते. मधे एका वळणावर ती जराशी डगमगली आणि जंक्शनचे प्रमुख अधिकारी "अगंऽ" असं ओरडले. मास्तरांनी वळून पाहिलं, तर काटेराव खोकण्याचं नाटक करत होते.

पाऊण वाजता ती जंक्शनात आली. आता काय, तोलली की फाट्याची गाडी, फाट्याची गाडी की पूल, पूल की बाई! काटेरावांनी ऐटीत तिला काट्यावर घेतलं. स्वतःची वाघीण, स्वतःचा काटा, स्वतःच्या हातानं काढलेलं वजन. त्यांना तर गाणंच सुचत होतं. त्यांनी कार्डावरचा आकडा वाचला, तीन पूर्णांक चार. रिकाम्या वाघिणीचं वजन वजा करून काट्यावरचा आकडा वाचला.

पाच पूर्णांक नऊ.

त्यांनी काट्यावर फुंकर मारली, धूळ असेल म्हणून. पाच पूर्णांक नऊ. चष्मा वर केला, खाली केला. पाच पूर्णांक नऊ. आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाक तोलला गुरुवारी. माणसं बसवली शनिवारी. छत्तीस वर्षं दुसऱ्यांची वजनं तपासणाऱ्या माणसानं स्वतःचा माल भरल्यावर पुन्हा तोललाच नव्हता! आनंदाच्या भरात विसरला होता, गाढव!

अडीच ग्रॅम जादा. दीड माफ. म्हणजे वाघीण तोडायची, बाजूच्या रुळावर उभी करायची. पुढच्या रविवारपर्यंत. आणि पुढच्या रविवारी बाई असणार शंभर कोस लांब.

काटेरावांनी हळूच इकडेतिकडे पाहिलं. मास्तर खाणीशी इंजिनाला दटावत होते. दंतवैद्य टेबलाखाली रांगत एक हरवलेला स्क्रू शोधत होता. बाई मान खाली घालून लिहीत होत्या. काट्याचा आकडा दिसत होता तो फक्त त्यांना. नुसतं बटण दाबायचं, की गाडी पुढे. अडीच ग्रॅमनं काय पूल कोसळणार होता? आणि कोसळला तर कोसळला, काड्यांचाच तर होता! इतक्या वर्षांचा जीव एका बाजूला आणि अडीच ग्रॅम दुसऱ्या बाजूला. बोट बटणाकडे गेलंसुद्धा. शपथेवर सांगायचं तर ते बटणाला टेकलंसुद्धा.

आणि तेवढ्यात छत्तीस वर्षांच्या सवयीनं घात केला. छाती आपोआप भरली, मान आपोआप ताठ झाली, आणि हॉलच्या भिंती दणाणतील अशा आवाजात काटेराव ओरडले,

"जादाऽऽऽ!"

आपलाच आवाज ऐकून ते दचकले. पण निघालेली आरोळी काही परत घेता येत नाही.

दंतवैद्याचं डोकं टेबलाला खालून थडकलं. मास्तर धावत आले, कार्ड उचललं, पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि त्यांच्या मिशा थरथरू लागल्या. "काटेराव," ते कसेबसे म्हणाले, "अहो, ही तर तुमचीच!"

"माझीच," काटेराव म्हणाले.

"तुमचीच वाघीण तुमच्याच काट्यावर..." यापुढे मास्तरांना बोलवेना. ते हसत खुर्चीत कोसळले. दंतवैद्य जमिनीवरच बसून डोकं चोळत हसत होता. नऊ वर्षांत काटेरावांनी या दोघांच्या मिळून दोनशे वाघिणी अडकवल्या होत्या. त्यांनी तरी का सोडावं? वहिनी जिन्यातून ओरडल्या, "काय झालं, घर पडलं का?"

काटेराव तेवढे हसत नव्हते. ते अजून काट्यावरचाच आकडा बघत होते.

"चला, तोडा," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "पुढच्या रविवारी बघू."

"पुढच्या रविवारी मी नाहीये," मागून आवाज आला. पत्ताबाई स्टुलावरून उतरून आल्या होत्या. त्यांनी कार्ड हातात घेतलं, लांब धरून वाचलं. "माल माझ्या स्टेशनचा आहे. नियम एकोणतीस, माल ज्याचा त्यानं मागणी केली तर वाघीण सगळ्यांसमोर उघडायची. मी मागणी करतेय."

"बाई, नको," काटेराव पुटपुटले. "म्हणजे, तसं काही खास नाहीये. फर्निचर आहे."

"फर्निचर आहे तर घाम कशाला फुटलाय?"

यावर काटेरावांनी रुमाल काढून काट्याची काच पुसली.

उघडायचं काम दंतवैद्याचं. त्यानं खिशातून चिमटा काढला, छोटा आरसा काढला, वाघिणीवर वाकला आणि सवयीनं म्हणाला, "जरा मोठा आ करा हं." छप्पर निघालं. चौघांची डोकी एकत्र आली. वहिनी आल्या तेव्हा पाच झाली.

चिमट्यात धरून बाक वर आला. दंतवैद्यानं तो तळहातावर ठेवला आणि हात उजेडात नेला. पांढरा अंबाडा. मांडीवर वही. तारेचा चष्मा. शेजारी टोपी हातात धरलेले गृहस्थ, केस विंचरलेले. वहिनींनी तोंडाला पदर लावला, आणि मास्तरांच्या बरगडीत कोपर मारलं, कारण मास्तर काहीतरी बोलणार होते.

बाईंनी वाकून पाहिलं. मग चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा पाहिलं.

"काटेराव," त्या म्हणाल्या, "माणसं कधीपासून मालगाडीनं पाठवायला लागलात?"

"चिकटवलेली आहेत," काटेराव म्हणाले. जगात याहून मूर्खपणाचं उत्तर नसेल.

"आणि वजन चुकलं कसं? तुमचं?"

काटेरावांनी मान खाली घातली. "बाकाचं वजन केलं, तेव्हा बाक रिकामा होता, बाई."

कोणी हसलं नाही. दंतवैद्यानं बाक हळूच टेबलावर ठेवला.

मास्तर मात्र शेवटी मास्तरच. घसा खाकरून ते म्हणाले, "नियमानं बघायचं तर सोपं आहे. दोघांचं मिळून अडीच ग्रॅम. एकाला उतरवलं तर जादा राहतं सव्वा. सव्वा माफीत बसतं. म्हणजे एकाला उतरवून वाघीण..."

"अहो!" वहिनी कडाडल्या. "तुमचे नियम घाला चुलीत!"

बाईंनी हात वर करून दोघांना थांबवलं. "नियम बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बोला काटेराव, कोणाला उतरवू?"

काटेरावांना वाटलं, आता काही उरलं नाही, तर आता बोलायला काय हरकत आहे? आणि इतक्या वर्षांचं कुलूप कटकन निघालं. "मला उतरवा," ते म्हणाले. "स्टेशन तुमचं आहे. बाकही तुमच्यासाठीच केला. मी आपला बसलो होतो शेजारी, बसावंसं वाटलं म्हणून. रोज साडेदहाला तुमचा फोन यायचा ना, बाई, तर मी सव्वादहापासून तयार असायचो. वाघीण सापडली की मला वाईट वाटायचं. वाटायचं, आता उद्या काय विचारणार? तुम्ही जाताय तर सुखानं जा. पण एकदा सांगायचं होतं. तेवढं तुमच्या स्टेशनला पोचावं असं वाटत होतं."

एवढं सलग काटेराव जन्मात बोलले नव्हते. बोलून झाल्यावर त्यांना धाप लागली.

बाईंनी कानामागचं पेन काढलं. कार्ड टेबलावर ठेवलं. आणि तीस वर्षांत ज्या बाईंनी एक अक्षर खोडलं नव्हतं, त्यांनी तीन पूर्णांक चारवर सरळ, ठसठशीत रेघ मारली. शेजारी बाईंनी लिहिलं, पाच पूर्णांक नऊ. 'फर्निचर, एक नग' याच्याखाली लिहिलं, 'माणसं, दोन'. खाली एक चौकट रिकामी होती, रिकामी झाल्यावर परत कुठे. त्यात लिहिलं, 'परत जायचं नाही'. मग सही केली, तारीख घातली.

"आता कागद आणि काटा जुळतात," त्या म्हणाल्या. "जादा काही नाही. सोडा गाडी."

वहिनींनी टाळ्या पिटल्या. दंतवैद्यानं बाक वाघिणीत ठेवला आणि छप्पर बसवताना ते तीनदा उलटं बसलं, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. काटेराव नुसते उभे. कार्डावरची ओळ त्यांनी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचली, तरी अर्थ डोक्यात शिरायला तयार नव्हता, आणि शिरला तेव्हा कान असे काही लाल झाले की वहिनी म्हणाल्या, "आता दुसरीही खिडकी उघडा रे!"

खाली हॉर्न वाजला. लेक आली होती.

"बाई, देऊ का उचलून हातानं?" दंतवैद्यानं विचारलं. "एवढ्यापुरतं?"

"नियम पहिला," बाई आणि काटेराव एकदमच म्हणाले.

फाट्याची गाडी निघाली. हळू, अगदी हळू, कारण पुलावर वेगाची मर्यादा होती आणि ती काटेरावांनीच घातली होती. पाचही जण टेबलाच्या कडेनं तिच्याबरोबर चालत होते, एखाद्या मोठ्या माणसाला स्टेशनवर घेऊन जावं तसे. हॉर्न पुन्हा वाजला. मग जिन्यात पावलं वाजली आणि लेक दारात उभी राहिली, हातात गाडीची किल्ली.

"आई, घरून सामान भरून आणलंय. चल ना, उशीर होतोय."

"थांब," आई वळूनही न बघता म्हणाली. "माझा माल वाटेत आहे."

दात कोरायच्या काड्यांचा पूल कुरकुरला. काटेरावांनी डोळे मिटले. पूल टिकला. तपकिरी वाघीण शेवटच्या स्टेशनात शिरली, एकदा लचकली आणि थांबली. दंतवैद्यानं बाक काढून फलाटावर ठेवला, बाईंनी पेनाच्या टोकानं तो किंचित सरळ केला.

लेक जवळ येऊन वाकली. तिनं बाकाकडे पाहिलं, मग आईच्या अंबाड्याकडे, मग पुन्हा बाकाकडे. "आई, ही तू?"

"मी."

"आणि हे कोण?"

"हे काटेराव," पत्ताबाई म्हणाल्या. "वजनात खोटं बोलत नाहीत. अगदी स्वतःच्या जिवावर आलं तरी नाही."

लेकीनं त्या लाल कानांच्या गृहस्थांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. आईकडे पाहिलं, आई कॉलेजातल्या मुलीसारखी हसू दाबत होती, आणि तिला ते मुळीच जमत नव्हतं. लेक मटकन स्टुलावर बसली आणि मग तिलाच इतकं हसू फुटलं की किल्ली हातातून पडली. "अगं, मी तुझ्यासाठी खोली रंगवून घेतली!"

"पाहुणी म्हणून येईन ना. आम्ही दोघं येऊ."

"आणि खाली गाडीतलं सामान?"

"ते उतरवायचं आता. चला काटेराव."

काटेराव जिना उतरले की उडत गेले ते त्यांना आठवत नाही. लेकीनं गाडीची डिकी उघडली. सगळ्यात वर बाईंची मोठी बॅग होती, पट्ट्यानं आवळलेली. तिच्यात बाईंच्या सगळ्या जुन्या नोंदवह्या होत्या आणि ती गाडीत चढवायला घरी दोन माणसं लागली होती. काटेरावांनी ती एका हातानं उचलली. मास्तर, दंतवैद्य, वहिनी, सगळे दारात उभे, आकडा ऐकायला कान टवकारून. नेहमीची सवय सगळ्यांना माहीत होती.

काटेरावांनी तोंड उघडलं. मिटलं. बॅग या हातातून त्या हातात घेऊन पाहिली.

"किती?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही, बाई," काटेराव म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते.